थोरल्या घरची पाहुणी

परवा रात्री पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा लावला, तर ओट्याखालून एक चिचुंद्री भिंतीला अंग घासत चिकचिक करत निघाली. आतून बायको म्हणाली, "अहो, झाडू घ्या झाडू!" झाडू घेतला, पण हात काही उचलेना.

कारण होतं रविवारचं. नातवाला कर्नाळ्याला नेलं होतं. अभयारण्य १९६८ सालचं, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, पण पनवेलकरांना पाहुण्यांपुढे मिरवायला पुरतं. नातवाला पक्ष्यांत रस नव्हता. त्याला डायनासोर हवा होता. मी फांदीवरचा कोतवाल दाखवला. "आजोबा, फसवू नका!" आता याला कसं सांगावं, की डायनासोरांची एक पाती पंख पसरून वाचली, तिलाच आपण पक्षी म्हणतो? शेवटी पुरावा घरी, ताटात सापडला. रश्श्यातल्या कोंबडीच्या छातीचं ते दुबेळक्यासारखं हाड टी-रेक्सलाही होतं. पोरानं ते धुऊन कंपासपेटीत ठेवलं.

कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका लाव्हाच्या खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इकडे लाव्हाचे थरावर थर चढत होते, साधारण त्याच सुमारास तिकडे मेक्सिकोत अवकाशातून धोंडा कोसळला आणि बड्या डायनासोरांचा कारभार आटोपला. आपले पूर्वज तेव्हा काय करत होते? लपले होते. कोट्यवधी वर्षं त्यांनी रात्रपाळीच केली होती. अंगावर केस, पिलांना दूध, लांबुडकं नाक, खायला किडे. दिसायला थेट ओट्याखालची ही बाई. ती आपली पणजी नव्हे, पण पणजीचं रूप हिनेच राखलंय.

आपल्याकडे त्या घराण्याचं काय उरलं? थंडीत अंगावर काटा येतो, म्हणजे केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू नसलेली फर फुलवू पाहतात. हात वर करून कडी धरणं ही झाडावरच्या वानरकुळाची देणगी. सकाळच्या पनवेल लोकलमध्ये ती रोज वापरतो, फक्त पुढची फांदी मिळत नाही.

दोन पायांवर उभं राहण्याची हौस मात्र महागात पडली. इथिओपियात १९७४ साली जिचा सांगाडा सापडला ती ल्यूसी, माणसाच्या पूर्वजकुळातली, ३२ लाख वर्षांपूर्वीची. उंची साडेतीन फूट, मेंदू लहान, पण चालायची ताठ. म्हणजे अक्कल मागून आली, चाल आधी. चौपायांचा कणा उभा केला, त्याचं बिल माझी कंबर अजून भरते आहे. भूगर्भशास्त्रात 'पनवेल फ्लेक्शर' प्रसिद्ध आहे. इथले लाव्हाचे थर पश्चिमेकडे वाकलेत. डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडात धरला, तेव्हा मला तेच आठवलं. गावाचा खडकच वाकलेला, तिथे माझ्या कमरेनं काय ताठा मिरवावा?

एवढं सगळं बायकोला सांगेपर्यंत चिचुंद्री मोरीतून निघून गेली होती. "गेली का?" बायकोनं विचारलं. "गेली," म्हणालो आणि झाडू कोपऱ्यात ठेवला.

सकाळी ओट्याखाली झुरळाचे दोन पंख पडले होते. बाकीचं झुरळ नव्हतं.