इतिवृत्त वाचून कायम करणे

वीस डिसेंबर उलटला की बंगळूरच्या इंदिरानगरात राहण्याचं सुख काय वर्णावं! ज्या हंड्रेड फीट रोडवर एरवी रस्ता ओलांडायला उभं राहिलं की उरलंसुरलं तारुण्य इथेच सरणार असं वाटतं, तो चक्क मोकळा दिसतो. पीजीतली पोरं आपापल्या गावी पांगलेली असतात. आयटीवाले कुणी कूर्गला, कुणी गोकर्णाला. ऑटोवाला आपण होऊन थांबतो आणि निमूट मीटर टाकतो. तेव्हा आनंद होण्याऐवजी आपण आधी त्याचा नंबर बघून घेतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बीडीएनं, म्हणजे इथल्या विकास प्राधिकरणानं, ही वसाहत आखली ती माणसांनी राहावं म्हणून. बंगला, पुढे झाड, झाडाखाली खुर्ची. नव्वदीनंतर हंड्रेड फीट रोडवर दुकानं आली, मागोमाग हॉटेलं, मग पब, आणि खुर्चीवरचे जुने रहिवासी उठून आवाजाविरुद्ध अर्ज करायला लागले ते अजून करताहेत. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, निदान सकाळच्या वेळी, मूळ नकाशा पुन्हा दिसायला लागतो. मातृभाषा मराठी असलेल्या राहुल द्रविडला २०२१ च्या एका जाहिरातीत ट्रॅफिकमध्ये अडकवून, गाडीच्या छतातून बाहेर काढून, आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचं ओरडायला लावलं होतं. तेच चित्रीकरण डिसेंबरअखेर ठेवलं असतं तर बिचाऱ्याला गुंडगिरी करायला पुढे गाडीच मिळाली नसती.

आमच्या ऑफिसला या काळात सक्तीची सुट्टी असते. म्हणजे आपल्याच खात्यातली रजा कापून ती आपल्यालाच भेट देतात. यंदा भेटीबरोबर एक ऑनलाइन व्याख्यानही होतं. पडद्यावरच्या बाईंनी आधी डोळे मिटायला लावले, मग श्वास मोजायला लावले आणि मग सांगितलं, सुट्टीभर आठवड्यातून एकदा लिहा. रोज नको, त्याचा ताण येतो. रविवारी, एकांतात, कुणाला न दाखवता, स्वतःशी प्रामाणिक राहून लिहा. बाईंचं घर फार मोठं असावं. आमच्या टू-बीएचकेत चार माणसं. एकांत फक्त बाथरूममध्ये मिळतो, आणि तिथेही बाहेरून ‘गीझर बंद केलीस काय गं?’ अशी चौकशी येते.

आठवड्याची कल्पना मात्र मला पटली. रोजची डायरी मराठी घरात कशी जगते ते मी लहानपणापासून डोंबिवलीत पाहिलंय. विमा एजंटानं दिलेली जाडजूड डायरी. एक जानेवारीला पानभर मजकूर, पहाटे उठण्याचा संकल्प. दोनला अर्धं पान. चारला ‘विशेष काही नाही’. मग थेट मार्चमध्ये ढोकळ्याची कृती, जूनमध्ये दुधाचा हिशेब आणि दिवाळीच्या सुमारास कुणाचा तरी कुरिअरचा पत्ता, तोही नावाशिवाय. आठवड्याला एकदाच लिहायचं म्हटलं तर माणूस फेब्रुवारी गाठेल, असा माझा हिशेब होता.

वही बाराव्या मेनवरच्या एका दुकानातून आणली. तिथे साधी वही मिळत नाही. मिळाली ती हातकागदाची, वर सुतळी गुंडाळलेली आणि आत प्रश्न छापलेले. ‘या आठवड्यात तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?’ पहिल्याच रविवारी मी विचार न करता लिहिलं : कामाच्या बाईंनी खाडा केला नाही. एवढं उत्कट आणि खरं वाक्य मी वर्षभरात लिहिलेलं नव्हतं.

पुढचा प्रश्न होता आठवड्याचा आढावा. इथे गाडी अडली. रविवारी बसून मंगळवारी काय केलं ते आठवून दाखवावं कुणीही. कामाच्या दिवसात निदान मीटिंगा असतात. सुट्टीतला मंगळवार बुधवारसारखा आणि बुधवार कालच्यासारखा. चिरंजीवांना विचारलं तर त्यांनी जेधे शकावलीच्या तोडीची त्रोटक नोंद दिली : ‘सोमवार, झोप. मंगळवार, झोप. बुधवारी वायफाय गेलं होतं.’ शेवटी नवऱ्यानं फोन उघडला आणि यूपीआयचा हिशेब वाचायला घेतला. मंगळवार, सकाळी सव्वासात, शहाळं. म्हणजे आपण फिरायला गेलो होतो! साडेसात, दर्शिनीत कॉफी, दोनदा. म्हणजे कुणीतरी भेटलं होतं. दुपारी हार्डवेअरचं दुकान, म्हणजे नळाचा वॉशर. संध्याकाळी सीएमएच रोडवर फुलं, अर्थात बुधवारच्या रात्रीच मार्गशीर्षातल्या गुरुवारची तयारी असणार, म्हणजे हा मंगळवार नाही, बुधवार. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले, त्या कागदांतही कुणाला किती दिलं याच्या नोंदी काही कमी नाहीत. त्यातून त्यांनी मराठेशाही उभी केली. आम्हाला एक आठवडा जमू नये?

खरं म्हणजे रोजनिशी लिहिणाऱ्या थोरांना घटनांचा तुटवडा नव्हता. पुदुच्चेरीचे आनंद रंग पिळ्ळे १७३६ पासून पंचवीस वर्षं तमिळमध्ये लिहीत राहिले. पण ते फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचे दुभाषे, त्यांच्या अंगणात फ्रेंच आणि इंग्रज लढत होते. लंडनच्या सॅम्युएल पीप्सनं १ जानेवारी १६६० ला वही सुरू केली आणि त्याला प्लेग मिळाला, आग मिळाली. १६६६ च्या त्या आगीत या गृहस्थानं बागेत खड्डा खणून आपलं इटालियन चीज पुरून ठेवलं. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा चिरंजीवांनी विचारलं, आपल्याकडे आग लागली तर काय पुरायचं? सासूबाई म्हणाल्या, “लोणच्याची बरणी पुरूया की. कुंदा पुरायला उरतोय कुठं?”

सासूबाई बेळगावच्या. कुंदा तिथूनच येतो आणि फ्रिजमध्ये त्यांच्या देखरेखीखाली राहतो. वहीचा सुगावा त्यांना पहिल्याच रविवारी लागला. “काय लिहूलालीस गं?” म्हणत त्या शेजारी येऊन बसल्या, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. खासगी आहे, असं मी म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. त्यांची तक्रार मजकुराबद्दल नव्हती, अक्षराबद्दल होती. त्या रोज सकाळी दासबोध वाचतात. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनक्रियेवर आहे, आणि तरुणपणी लिहिलेलं फार बारीक अक्षर म्हातारपणी कामाचं नाही असं समर्थांनी त्यात स्पष्ट बजावलंय. कागद झडला तरी अक्षर झडू नये, ओळी सारख्या चालाव्यात, भोवती जागा सोडावी. मी जेलपेननं दाटीवाटीनं लिहीत होते. पुढच्या रविवारपासून मी मोठ्या अक्षरात लिहू लागले आणि कडेला ऐसपैस जागा सोडू लागले. त्या जागेत सासूबाई पेन्सिलनं हरकती नोंदवू लागल्या. पीप्सनं सगळं लघुलिपीत का लिहिलं असेल ते मला उमगलं. नवरा म्हणाला, तू मोडी शीक. म्हणजे कुणालाच वाचता येणार नाही, तुलासुद्धा.

पहिली हरकत थंडीबद्दल होती. मी लिहिलं होतं, ‘थंडी बेताची.’ सासूबाई स्वेटर, शाल आणि कानटोपी अशा तिहेरी बंदोबस्तात बसल्या होत्या. चिरंजीवांनी फोन बघून सांगितलं की पहाटे सोळा अंश होतं, आणि या शहराचा नीचांक १३ जानेवारी १८८४ चा आहे, ७.८ अंश. “तेव्हा मी नव्हते,” सासूबाई म्हणाल्या, “आत्ता आहे. माझं लिही.” मग नोंद अशी झाली : ‘किमान तापमान १६ अंश. एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते बर्फ पडायचं तेवढं बाकी आहे.’

‘सदस्य’ हा शब्द नवऱ्याचा. तो आमच्या अपार्टमेंटच्या असोसिएशनचा माजी सचिव. पद गेलं, भाषा राहिली. कुठलाही मजकूर कुणी मोठ्यानं वाचला की ‘सूचक कोण? अनुमोदक कोण?’ हे त्याच्या तोंडून शिंक यावी तसं येतं. त्यानं ठरवून टाकलं की आधी मागच्या आठवड्याचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, मगच नवं लिहायचं. मी म्हटलं, अरे ही माझी मनोगताची वही आहे. तो म्हणाला, मनोगत ऐनवेळच्या विषयात घेऊ.

तेव्हापासून सभा दर रविवारी दुपारी, अवरेकाईच्या परातीभोवती. या दिवसांत बंगळूरमध्ये दुसरा विषयच नसतो. अवरेकाईचा मेळा भरतो, तिथे डोशापासून होळिगेपर्यंत सगळ्यात हे दाणे घालतात. आपल्या वालांचीच ही थोरली, हिरवी पाती. शेंगा सोलून काढलेले दाणे रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी साल सैल होते. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, डोळ्याची बाजू आपल्याकडे नको, आणि हलकेच दाबायचं. जोर बरोबर लागला तर पिवळट हिरवी डाळ सुळकन परातीत आणि साल बोटांत. जोर जास्त झाला तर डाळ टीव्हीवर. बोटांना एक तेलकट, उग्र वास चढतो तो साबणाला दाद देत नाही, आणि इथली जाणती माणसं शेंग विकत घेताना तोच वास हुंगून घेतात. या कामाला हात लागतात, तोंड मोकळं राहतं. घरातले जुने हिशेब निघायला इतकी सोय पुरेशी असते.

नाताळच्या आठवड्याचं इतिवृत्त वाचताना ठिणगी पडली. समोरच्या मंगळुरी आंटींनी रिवाजाप्रमाणे कुस्वारचं ताट पाठवलं होतं : केक, गुलाबाच्या फुलांसारखी कुरकुरीत चक्रं, शंकरपाळ्यांचे चुलतभाऊ शोभणारे कलकल आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. मी लिहिलं होतं, ‘आंटींच्या करंज्या फार खुसखुशीत.’ समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह उमटलं होतं. दिवाळीला आमच्याकडच्या करंज्या, हवामानामुळे म्हणा, जरा मऊ पडल्या होत्या.

“‘फार’ कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“खुसखुशीत होत्या म्हणून.”

“होत्या की. मी नाही कुठं म्हणते? पण लिहून ठेवायचं काय कारण? उद्या नातसून वाचेल.”

चिरंजीव प्रथम वर्षाला आहेत. नातसुनेच्या उल्लेखानं त्यांच्या हातातली डाळ टीव्हीवर गेली.

त्यांचं स्वतःचं एक प्रकरण पुढच्या पानावर होतंच. एकतीस डिसेंबरला बाराव्या मेनवर जायचं म्हणून ते नटूनथटून गेले. त्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत धावते, फ्लायओव्हर बंद असतात, आणि रात्री बाराला गल्लोगल्ली असा काही गजर झाला की सासूबाईंनी कानातला कापूस काढून ‘वरात कुणाची?’ म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत घातला. नवरा साडेनऊलाच झोपला होता. इतिवृत्तात ‘नववर्षाचे स्वागत निद्रिस्त अवस्थेत करण्यात आले’ असं त्याच्याच शब्दांत आहे. पाऊण वाजता फोन आला. ऑटो मिळत नव्हता, आणि स्वतंत्र बाण्याच्या चिरंजीवांना बाबांनी घ्यायला यावं असं वाटत होतं. अंतर चालत दहा मिनिटांचं. नवरा पायजम्यावर गेला, मित्रमैत्रिणींच्या देखत ‘मफलर कुठंय तुझा?’ म्हणाला आणि घेऊन आला. मी हे सगळं मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

“हे वगळायचं,” चिरंजीव म्हणाले.

“इतिवृत्तातून वगळायला ठराव लागतो,” माजी सचिवांनी बजावलं. “सूचक तू. अनुमोदक?”

परातीभोवती शांतता पसरली. सासूबाईंनी तीनचार दाणे सोलले. मग नातवाकडे न बघता म्हणाल्या, “माझं करंजीचं कोण अनुमोदन देणार, ते आधी कळूदे की.”

राजकारण मी टीव्हीवर पाहिलंय, ऑफिसात भोगलंय, पण इतकी स्वच्छ युती पाहिलेली नाही. दोन ठराव एकापाठोपाठ मांडले गेले, एकमेकांच्या अनुमोदनानं. मी विरोधात. माजी सचिव तटस्थ, कारण मफलरचं वाक्य त्यालाही छापील स्वरूपात आवडलं नव्हतं. दोन्ही ठराव बहुमतानं मंजूर. मी खोडरबर आणायला उठले तर सासूबाईंनी सांगितलं की जेलपेनवर खोडरबर चालत नाही, त्यावर कागद चिकटव. आता दोन आठवड्यांच्या पानांवर दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत आणि खाली उरलंय ते एवढंच : तळटाकीत कावेरीचं पाणी दोनदा आलं, किमान तापमान, नळाचा वॉशर. वहीतला पुढचा छापील प्रश्न आहे, ‘या काळात तुम्हाला स्वतःबद्दल नवीन काय समजलं?’ तिथे मी अवरेबेळे सांबाराची कृती लिहून टाकली.

ऐनवेळच्या विषयात माझं मनोगत निघायचं होतं. पण सासूबाईंनी आधी हात वर केला. फ्रिजमधला कुंद्याचा डबा काल रात्री अर्धा होता, आज रिकामा आहे, आणि रिकामा डबा झाकण लावून परत जागेवर ठेवणारा माणूस घरचाच असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी माना खाली घालून दाणे सोलायचा वेग वाढवला. चिरंजीवांनी फोन पुढे करून यूपीआय बघायचं का विचारलं. फ्रिजमधली देवघेव तिथे नोंदली जात नाही. विषय पुढच्या रविवारपर्यंत तहकूब करावा अशी सूचना मी मांडली, आणि नवऱ्यानं तिला इतक्या झटकन अनुमोदन दिलं की सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून, हातातला दाणा तसाच धरून, त्याच्याकडे टक लावून बघितलं.