शटर किती होतं?

मुंजीचा व्हिडिओ लागला की घरची माणसं बटूचं रडवेलं तोंड बघतात, आत्या आपली पैठणी नीट दिसतेय ना ते बघते आणि शेजारचे नाना बघतात मागच्या भिंतीवरची ट्यूबलाइट. ‘पट्ट्या मारतंय,’ ते समाधानाने म्हणतात. मग चष्मा कपाळावर जातो आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘शटर किती होतं?’

नानांची सगळी नोकरी विजेच्या उपकेंद्रांत गेली. ५० हर्ट्झ त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यात कॅमेऱ्याचा नाद. त्यामुळे पुतण्याने न्यू जर्सीहून आणलेल्या कॅमेऱ्याने ही मुंज टिपली आणि चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागले, तेव्हा सगळ्यात खूश नानाच झाले. ‘अरे, तिकडची वीज ६० हर्ट्झची, इकडची ५०. आपली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. तू शटर ठेवलंस १/६० वर, पटणार कसं? मेनूत जा, एनटीएससी काढ, पाल लाव. २५ फ्रेम, शटर १/५०. ऑटोवर ठेवलं की आटोपलं!’

हे शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीत लहान मुलंही म्हणतात.

तपासणीचे नियम कडक. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ ते बघतच नाहीत. ‘मूळ फाइल आण, पेन ड्राइव्हवर.’ मग बाणाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे. ‘हा बघ हात वर. पुढच्या फ्रेमला जरासा खाली. आणि आता एकदम खाली! झटका इथे आहे. ३०चं शूटिंग २५च्या टाइमलाइनवर टाकलंय कोणीतरी.’ आपण चहा संपवून, पेपर वाचून, घरी जाऊन यावं. नाना अजून त्याच हातावर असतात. वरातीचा व्हिडिओ असेल तर मोबाइलवर संशय. उजेड कमी झाला की मोबाइल आपल्या मनाने फ्रेम कमी करतो, हे त्यांना फसवणुकीइतकं लागतं. कार्डावर व्ही३० लिहिलंय का, हेही ते विचारतात. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहून घेण्याची हमी नसलेलं कार्ड त्यांच्या लेखी कार्डच नव्हे.

देवळातल्या कीर्तनाचं मात्र त्यांनी सोनं केलं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला. सुरुवातीला सगळं जुळलेलं, पण उत्तररंगापर्यंत बुवांचं तोंड आधी मिटायचं आणि शब्द मागाहून यायचा. दोन संपादक पोरं हरली. नानांनी पाहिलं, २९.९७ची फाइल कोणीतरी ३० समजून लावलेली. तासाला ३.६ सेकंद! १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी अमेरिकेने ३०मधून हे चिमूटभर कमी केलं, तेव्हापासून नानांचा त्यांच्यावर राग आहे. बांध कोरणाऱ्या भाऊबंदाविषयी बोलावं तसे ते ०.०३विषयी बोलतात.

मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना बघून हसायचीही सोय नाही. ‘पळत नव्हते ते! हाताने हँडल फिरवायचे तेव्हा. सेकंदाला १६-१८ फ्रेम घ्यायच्या आणि तुम्ही २४ने दाखवणार. यात फाळक्यांचा काय दोष?’ १९१३ सालच्या माणसाची बाजू इतक्या तळमळीने मांडणारा दुसरा शेजारी मला भेटलेला नाही.

कुणाकडे नवा टीव्ही आला की पेढा तोंडात टाकायच्या आत ते रिमोट मागतात. मधल्या फ्रेम स्वतःच बनवून सिनेमाला मालिकेची कळा आणणारी ती सोय बंद होते. यजमानांना फरक कळत नाही. काकू म्हणतात, ‘बसा आता.’ नाना बसतात, पण तिरके, पडदा दिसेल असे.

परवा साखरपुड्यात स्टेजमागे एलईडीची भिंत होती. अंगठ्या बोटांत जात असताना नाना फोटोग्राफरच्या खांद्यामागे. पोरगा आधी वैतागला, मग त्याने मुकाट्याने शटर थोडं थोडं सरकवत नेलं आणि भिंतीवरचा लुकलुकाट खरंच थांबला. त्याने नानांना वाकून नमस्कार केला. हल्ली तो कार्यालयात शिरताना पहिल्यांदा दारातल्या माणसाला विचारतो, ‘नाना आलेत का?’ आले असतील तर १/५०. नसतील तर ऑटो.