लाल चांदणी

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. सहांपैकी कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, तहसीलच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात हा माणूस सापडतोच. पाटीवर ‘सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील’. लोक त्याला ‘ऑनलाईनवाले भाऊ’ म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

भाऊंचं ठाम मत आहे, की इंटरनेट बनवणाऱ्यांनी आधी आठ दिवस त्यांच्या स्टुलावर बसायला हवं होतं. सोयाबीन सोंगून सोंगून अंगठ्याच्या रेघा झिजलेली आजी समोर येते. मशीन अंगठा घेत नाही. ओटीपी जातो चाकणला कंपनीत असलेल्या नातवाच्या मोबाइलवर, आणि नातवाची शिफ्ट चालू. “नातवाले फोन लावा, आजी.” फोन लागेपर्यंत पानाची मुदत संपते आणि भाऊ पुन्हा ‘आडनाव’पासून सुरू करतात. जन्मतारीख ते विचारतही नाहीत; म्हातारी माणसं १ जूनला नाहीतर १ जानेवारीलाच जन्मतात, हा त्यांचा अनुभव. फोटो पन्नास केबीच्या आत बसवताना मात्र स्वतःचं पोट आत ओढून धरतात.

खरे रंगतात ते आडनावावर. एखादे वऱ्हाडे आले, की भाऊ बाही सावरतात. ‘ऱ्ह’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, दुसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. ही दुसरी रीत जुन्या मजकुराची अडचण नको म्हणून राखलेली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण मुद्दाम सोय केलेली नसेल, तर संगणकाच्या लेखी ही दोन निराळी आडनावं. त्यात कुणीतरी घाईत रफार देऊन ‘वर्हाडे’ केलेलं असतं.

“काका, तुमी तीन जण हा,” भाऊ जाहीर करतात. “अनुदान कोणत्या काकाले पायजे?”

“मीच तं आलो नं बापा,” काका घाबरून म्हणतात.

वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या २००७ च्या एका मसुद्यात एचटीएमएलसाठी उतरंड लिहिलेली आहे. ओढाताण झाली तर आधी वापरणारा, मग पान लिहिणारा, मग ब्राउझर बनवणारा, मग नियम लिहिणारा, आणि तत्त्वाची शुद्धता सगळ्यांत शेवटी. २०२० साली इंटरनेटचे नियम बघणाऱ्यांनीही वापरणाऱ्याचीच बाजू घेतली. हे मी भाऊंना सांगितलं. आधी खूश झाले. मग म्हणाले, “पण वापरणारा कोण? बटन तं मी दाबतो. आजीनं माऊस पाह्यलाच नाई.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजीला झालेला त्रास त्या पानापर्यंत पोचतच नाही. भाऊ तो मधल्यामध्ये गिळतात, पन्नास रुपये घेतात, आणि पलीकडे हिरव्या अक्षरांत उमटतं ‘अर्ज यशस्वी’. मग सुधारणार कोण, आणि कशाला?

पीकविम्याच्या गर्दीत भाऊंनी एकदा स्वतःचाच फॉर्म काढला. दुकानात नंबर लावायचा तर मोबाइलवर तो भरायचा. नाव, गाव, पिनकोड, ईमेल, दुसरा मोबाइल नंबर. प्रत्येकापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

“ईमेल कशाले, भाऊ?”

“असू द्या. लागते.”

त्याच संध्याकाळी समोरच्या पानठेल्यावर पुठ्ठ्याची पाटी लागली: ‘भाऊंच्या दुकानाचा नंबर लावून मिळेल. दहा रुपये.’