मुख्य कोण?

घरात प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि निन्टेंडो स्विच अशी तिन्ही यंत्रं नांदत असली, की ‘मुख्य कन्सोल कोणता?’ हा प्रश्न मालकाला छळतोच. पहिले दोघे नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत दोन दिवसांच्या अंतराने बाजारात आले. तेव्हापासून त्यांच्या ताकदीची तुलना चालू आहे. निकाल मात्र ताकदीवर लागत नाही.

तो लागतो ट्रॉफ्यांवर. एक्सबॉक्स ३६०ने २००५ मध्ये गेममधल्या कामगिरीला गुण देणारा गेमरस्कोर आणला, प्लेस्टेशनवाल्या सोनीने २००८ मध्ये ट्रॉफ्या. ज्या खात्यात हे न दिसणारं पितळ जास्त साठलंय, तिथेच पुढचा गेमही विकत घेतला जातो. डिजिटल खरेदी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेता येत नाही, मित्रमंडळीही तिथेच अडकलेली. याला निवड म्हणायचं! स्विचवर अशी सामाईक पदकंच नाहीत. तिथे लोक नुसतेच खेळतात, बिचारे.

पूर्वी ‘हा गेम फक्त आमच्याकडे’ एवढं तरी मिरवता यायचं. पण २०२४ मध्ये ‘सी ऑफ थीव्ज’ आणि २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ हे एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टचे गेम थेट प्लेस्टेशनवर उतरले. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने जाहिरात केली, की फोन, लॅपटॉप, टीव्ही हेसुद्धा एक्सबॉक्सच. म्हणजे तीन कन्सोलांचा मालक बसल्याजागी सहांचा धनी झाला, आणि आता फ्रिजकडेही संशयाने बघतो.

शनिवारी रात्री तासभर मोकळा मिळतो, तेव्हा दोन्ही मोठी यंत्रं अपडेट उतरवत बसलेली असतात. टीव्हीवर घरच्यांची मालिका. मालक स्विच घेऊन पलंगावर आडवा.