अंतराळकथा-लेखकांच्या माहितीसाठी

गणपती उठले तरी कथा हाती आलेली नसली म्हणजे दिवाळी अंकाचे संपादक जो तगादा लावतात, त्या तगाद्यापोटी आमच्या एका कथाकार स्नेह्यांनी आजवर इतकी याने अवकाशात सोडली आहेत की, तेथील वाहतुकीसाठी काही नियमांची तजवीज करणे आता अपरिहार्य झाले आहे. स्नेही राग मानणार नाहीत. कारण हे नियम त्यांनाच उद्देशून आहेत, हे त्यांच्या ध्यानी येणार नाही.

कलम १. निर्वातात ध्वनी नाही. स्फोट करावयाचाच असल्यास मुकाट्याने करावा.

कलम २. यान पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर गेल्याने गुरुत्वाकर्षण संपते, ही समजूत सोडावी. तेथे ते भूपृष्ठावरच्या सुमारे नऊ दशांश इतके शाबूत असते. नायक तरंगतो तो यानासकट अखंड पडत असतो म्हणून, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक अशा आडव्या वेगामुळे जमीन त्याला दरवेळी चुकते म्हणून. दीड तासात एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसाकाठी सोळा सूर्योदय. नायकास त्रिकाळ संध्येचा नेम असल्यास लेखकाने तो आधीच सोडवावा. नायिकेचे अश्रू 'ओघळले' असेही लिहू नये. ते ओघळत नाहीत. डोळ्याशीच गोळा होऊन चिकटून राहतात, आणि टिपले नाहीत तर चांगलेच चुरचुरतात.

कलम ३. रेडिओ-संदेश प्रकाशाच्याच चालीने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, धावत असला तरी मंगळाहून पृथ्वीवर पोचण्यास त्याला, ग्रहांच्या स्थितीनुसार, ३ ते २२ मिनिटे लागतात. स्नेह्यांचा नायक मात्र मंगळावरून पुण्यातल्या पत्नीशी तोंडाला तोंड देऊन भांडतो! वस्तुतः तिचा टोमणा त्याला पोचून त्याचे प्रत्युत्तर परत येईपर्यंत तिचा राग निवलेला असावयाचा. ही अडचण नव्हे, हेच कथानक आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरताना, जवळजवळ ३०० दिवस निद्रिस्त असलेले आणि दोनच दिवस आधी चार सेकंद चालवून पाहिलेले मुख्य एंजिन सुमारे २४ मिनिटे चालावयाचे होते, मध्येच यान मंगळाआड जावयाचे होते, आणि त्याची खबर येण्यास १२ मिनिटांहून अधिक वेळ लागावयाचा होता. सबब सारे हुकूम यानाच्या स्मृतीत आगाऊ चढवून, जे घडून गेलेले आहे त्याची वाट पाहत बसणे एवढेच बंगळूरच्या तज्ज्ञांच्या हाती उरले होते. इतके नाट्य फुकट मिळत असता प्रकाशाहून वेगवान दूरध्वनीची उठाठेव कशाला?

कलम ४. लघुग्रहांच्या पट्ट्यात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लाखो किलोमीटरांचे अंतर असते. अंग चोरून वाट काढावी लागते ती दादर स्थानकात.

कलम ५. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. तरीही सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर तोडण्यास त्याला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. नायकाने 'चहाला परततो' असे सांगून निघू नये.

कलम ६. ज्याला विज्ञान येते त्यानेही त्याच्या जोरावर कथा खपवू नये. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' धाडली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि पहिले पारितोषिक मिळाले ते कथेला. स्नेह्यांच्या कथेत मात्र एक निवृत्त शास्त्रज्ञ असतो आणि त्याचा शंकेखोर पुतण्या. यान सुटण्यापूर्वी चार पाने नुसती प्रश्नोत्तरे. हा पुतण्या आता चाळिशीचा झाला असेल. त्यास बरखास्त करावे.

इतके फर्मावूनही स्नेही यांतले एकही कलम पाळणार नाहीत, आणि अंक घरात येताच त्यांचीच कथा आम्ही सर्वांआधी वाचू, कारण मुक्कामाला पोचण्याची त्यांच्या नायकाइतकी हौस दुसऱ्या कोणाच्या नायकाला नाही. मात्र गतवर्षीप्रमाणे त्याने वाटेत उकडते म्हणून यानाची खिडकी उघडू नये, एवढी विनंती मान्य व्हावी.