गुणवत्ता, अक्षांश-रेखांशासह

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच नॅक, ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेली स्वायत्त संस्था असून तिचे मुख्यालय बेंगळुरूत आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा तपासणे हे तिचे काम. त्या तपासणीस पुरून उरणे हे महाविद्यालयांचे काम.

मूल्यांकन सात निकषांवर होते. चारपैकी ३.५१ किंवा अधिक गुण पडले की ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळते आणि प्रवेशद्वारावरील फलक बदलतो. २०१७ च्या सुधारणेपासून बहुतांश गुण आकडेवारी व कागदोपत्री पुराव्याला आहेत. त्यामुळे घडले पण कागदावर आले नाही, ते घडलेच नाही असे धरतात. उलट प्रकाराबाबत कागद सहसा तक्रार करत नाही.

पुराव्यांत जिओटॅग छायाचित्राचे स्थान वरचे. नमुन्यादाखल वृक्षारोपण घेता येईल. खड्डा एक, रोप एक, रोपाला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहणारे अकरा जण आणि कोपऱ्यात तारखेसह अक्षांश-रेखांश. रोप जगले का, हा रकाना कुणी भरत नाही. या फाइली सजवण्याचे काम बहुधा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. त्याला मानधन शिकवलेल्या तासांचे मिळते, फाइलींच्या रात्रींचे नाही.

सातव्या निकषात प्रत्येक संस्थेने आपल्या दोन ‘उत्तम पद्धती’ सांगायच्या असतात. तास वेळेवर घेणे त्यात बसत नाही, कारण त्यात नावीन्य नाही. काही ठिकाणी ते असूही शकते.

यानंतर तपासणीसाठी ‘पीअर टीम’ येत असे. मुक्काम दोन-तीन दिवसांचा, मानपान वरपक्षाचा. लेझीम, फेटे, रांगोळी यांची व्यवस्था होई, भिंतींना रंग लागे आणि ग्रंथालयात विद्यार्थी दिसू लागत. माजी विद्यार्थी व पालक यांना कधी काय बोलायचे ते आधीच समजावलेले असे.

आदरातिथ्याची मर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाली. आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठास चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या सदस्यांसह दहा जणांना अटक केली. ३७ लाख रुपये रोख, सहा लॅपटॉप आणि एक आयफोन जप्त झाला. रोकड, सोने, मोबाइल व लॅपटॉप अशा स्वरूपात लाच दिली गेल्याचे सीबीआयचे म्हणणे होते. नारळ आणि शाल यांचा त्यात उल्लेख नाही.

श्रेणींची शर्यत थांबवण्यासाठी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ एवढेच सांगणारी दुहेरी पद्धत जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली होती. तीत प्लसची चिन्हे जातील. प्राध्यापकांची रिक्त पदे भरण्याचा विषय नॅकच्या अखत्यारीत येत नसल्याने तो शासनाकडे प्रलंबित राहील, आणि त्या पदांवर काम करणारे तासिका तत्त्वावरील प्राध्यापक नव्या नमुन्यातील फाइली करतील.