एकोणीस फुटी की चोवीस फुटी?

स्पीडबोट घ्यायचीच, असं ज्याचं ठरलं, त्याला घेऊ नका म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या खिशात दोन कोटेशनं असतात आणि डोळ्यांत मुंबईसमोरचा मांडवा असतो. घ्यावी की नाही हा प्रश्न त्याने फारसा विचार न करता निकालात काढलेला असतो. उरलेला सगळा विचार तो लहान घ्यावी की मोठी, यावर करत बसतो.

प्रस्तुत लेखकाने या प्रश्नाचा तीन वर्षं अभ्यास केला आहे. अभ्यास म्हणजे शनिवारी सकाळी गेटवेच्या कठड्याला टेकून दुसऱ्यांच्या बोटी बघणं. त्यातून हाती आलेलं ज्ञान इथे पायऱ्यापायऱ्यांनी मांडलं आहे. पायऱ्या गाळू नयेत. गेटवेच्या पायऱ्या गाळणारे थेट पाण्यात पडलेले आम्ही पाहिले आहेत.

पायरी १ : खडू आणा

रविवारी सकाळी, सोसायटी उठायच्या आत, मेजरिंग टेप आणि खडू घेऊन पार्किंगमध्ये उतरा. आपली जागा मोजा. ती साधारण अठरा फूट लांब आणि आठ फूट रुंद भरेल. भिंतीपासून एकोणिसाव्या फुटावर एक रेघ मारा, चोविसाव्या फुटावर दुसरी.

पहिली रेघ आपल्या जागेच्या फूटभर बाहेर येते. एवढं अतिक्रमण तर जिन्यातला चपलांचा रॅकही करतो. दुसरी रेघ गाड्या वळवायच्या रस्त्याच्या मधोमध जाते. वॉचमन येऊन विचारतो, "साहेब, रांगोळी?" हो म्हणा. चौकशीला हे उत्तर सगळ्यात सोपं.

बोट पार्किंगमध्ये ठेवायची नाहीच. पण कागदावर पाच फूट म्हणजे डायनिंग टेबल वाटतं, जमिनीवर ते सेक्रेटरींच्या गाडीत घुसलेलं दिसतं. हे आधी दिसलेलं बरं.

पायरी २ : घन करा

एकोणीसचे चोवीस म्हणजे सव्वापट, असा हिशेब विक्रेता करतो आणि गिऱ्हाइकाला तो पटतो. हा हिशेब साडीला लागू पडतो, बोटीला नाही. साडी लांबीत वाढते. बोट लांबीबरोबर रुंदावते आणि खोलही होते. म्हणून घन करावा लागतो. १९ चा घन ६,८५९ आणि २४ चा १३,८२४. पाच फूट वाढवायला गेलात आणि दुप्पट बोट घरी आली.

हे दुप्पटीचं भूत मग प्रत्येक बिलात बसतं. लहानीचं वजन इंजिनासकट सव्वा टनाच्या आसपास, मोठीचं अडीचच्या घरात. बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग जास्त, उचलायची क्रेन मोठी, इंजिन मोठं. बोटवाल्यांमध्ये एक आजार असतो: दर दोन-तीन वर्षांनी त्यांना बोट दोन फुटांनी तोकडी वाटू लागते. फूट दोनच वाढतात, पण आजार घनात वाढतो.

पायरी ३ : "किती देते?" हे विचारू नका

आपल्याकडे वाहन कुठलंही असो, पहिला प्रश्न ठरलेला. बोटवाले त्याचं उत्तर किलोमीटरमध्ये देत नाहीत, तासात देतात. त्याला कारण लाज.

ढोबळ नियम असा, की पेट्रोल इंजिन सुसाट सोडलं तर जितके एचपी, त्याच्या एक तृतीयांशाहून थोडे जास्त लिटर तासाला जातात. एकोणीस फुटीला १५० एचपी लावलं तर ५५ लिटर. चोवीस फुटीला ३०० लावलं तर ११० लिटर. बेताने हाकली तर निम्मं. २५ नॉट म्हणजे ताशी ४६ किलोमीटर या बेताच्या वेगाने लहान बोट लिटरला दीड किलोमीटर देते, मोठी पाऊणच्या आसपास. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत जेमतेम १४ किलोमीटर. म्हणजे लहानीला नुसतं जायला नऊ लिटर, मोठीला अठरा. मुंबईतला पेट्रोलचा भाव आपल्याला पाठ आहेच.

"मग हळू चालवू," असं इथे प्रत्येक मराठी माणूस म्हणतो. ती सोय नाही. स्पीडबोट एकतर सायकलच्या वेगाने पाणी कापत रांगते, नाहीतर पाण्यावर चढून घसरत पळते. मधल्या वेगात ती नाळ आभाळाकडे करून आणि बूड पाण्यात रुतवून पेट्रोल ढोसत बसते. समोरचं काही दिसत नाही, मागे मात्र भली मोठी लाट उठते. काटकसर करायला जाऊन जास्त खर्च करण्याचा हा अनुभव आपल्याला नवा नाही, पण इथे तो ओला असतो.

आणि टाकीचे तीन भाग करायला विसरू नका: एक जायला, एक यायला, एक देवाला. देवाचा भाग बंदरात परतेपर्यंत देवाचाच ठेवायचा.

पायरी ४ : मणक्याचं मत घ्या

इथपर्यंत लहान बोट जिंकते आहे असं वाटेल. म्हणून आता दुपारी दोन वाजता बंदरात या.

सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. पाणी तव्यासारखं सपाट. तेव्हा एकोणीस फुटी बोट राजकन्या असते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्यात लाँचींच्या आणि कॅटमरानच्या लाटा मिसळतात, आणि आखूड, उभ्या, एकीला एक लागून येणाऱ्या लाटांची शेवई होते. लहान बोट एका लाटेवरून उडते आणि दुसरीवर आदळते. मोठी दोन लाटांवर एकदम पाय ठेवते. तिच्या बुडाचा व्ही सहसा जास्त खोल असतो आणि वजनही जास्त. त्यामुळे ती पाणी कापते, थापा मारत नाही. चाळिशीच्या आतल्यांनी ही पायरी वगळली तरी चालेल. पुढच्यांनी कंबरेचा एक्स-रे सोबत आणावा.

मोठीत आणखी एक सोय असते, आणि निम्म्या घरांत निर्णय तिथेच होतो. "अहो, तिथे जायचं झालं तर?" असं घरून विचारलं जातं. चोवीस फुटीत नाळेच्या बाजूला एक झाकण उचललं की खाली फिरता संडास असतो. आम्ही एकदा आत जाऊन पाहिलं. गुडघे कानाला लागतात, डोकं छताला लागतं आणि लाट आली की झाकणाची कडी कपाळाला लागते. शिवाय नंतर त्याची टाकी हातात धरून रिकामी करावी लागते. कोण करणार, हे बोट घेण्याआधी लेखी ठरवा.

पायरी ५ : गोतावळा मोजा

एकोणीस फुटीत सात-आठ माणसं बसतात असं पाटीवर लिहिलेलं असतं. आरामात बसणारी चार. चोवीस फुटीच्या पाटीवर दहा-बारा. आरामात सहा-सात. पण पाटी कंपनी लिहिते आणि माणसं आत्या ठरवते.

लहान बोट असली की म्हणता येतं, "आत्या, तुम्हाला नक्की नेलं असतं, पण जागाच नाही." हे वाक्य लाखमोलाचं आहे. मोठी बोट घेणारा ते कायमचं गमावतो. मग आत्या येते, आत्याच्या विहीणबाई येतात, थालीपीठांचा डबा येतो, आणि सगळे नेमके मागच्या सोफ्यावर बसतात. मागे वजन पडलं की बोट पाण्यावर चढत नाही. आत्याला पुढे बसा म्हणायचं धैर्य ज्याच्याकडे असेल, त्यानेच चोवीस फुटी घ्यावी.

लाइफ जॅकेट मात्र माणशी एक, आणि अंगात घातलेलं. सीटखाली ठेवलेल्या जॅकेटला पोहता येतं, पण तुम्हाला सोडून.

पायरी ६ : तिसरी बोट घ्या

मुंबईसमोर समुद्र भरपूर, पण बोट दोरीने बांधून चालत चढता येईल अशी जागा दुर्मीळ. खासगी बोटी बऱ्याचदा भर पाण्यात बोयाला बांधलेल्या असतात. म्हणजे आपल्या बोटीपर्यंत जायला बोट लागते. लहान की मोठी, या प्रश्नाचं पहिलं व्यावहारिक उत्तर आहे: आणखी लहान.

यात कमीपणा नाही, परंपरा आहे. आंग्र्यांच्या आरमारात गुराब मोठं आणि गलबत लहान. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. मोठ्याचा मोठेपणा तेव्हाही लहानाच्या दोरीला बांधलेला होता.

पायरी ७ : पंचांग काढा

उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं, म्हणजे दीड मजला. कोकणात त्याचं घड्याळ तोंडी आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. दोन कोटींच्या बोटीवर तीन पडदे असतात आणि एकातही हे इतक्या पटकन सापडत नाही.

आता वर्ष मोजा. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा, बोट वर काढून शाकारलेली. राहिले पस्तीस आठवडे, म्हणजे सत्तर शनिवार-रविवार. त्यातून लग्नं वजा करा, दिवाळी वजा करा, मुलांच्या परीक्षा वजा करा. ज्या दिवशी ओहोटी आपल्याला जेवायच्या वेळी चिखलात बसवणार ते वजा करा. वारा जास्त, मेकॅनिक गावाला, बॅटरी उतरलेली, हेही वजा करा. आमच्या कॅलेंडरवर हे सगळं करून अकरा दिवस उरले. एकोणीस फुटीला अकरा आणि चोवीस फुटीलाही अकराच. पाच फूट जास्त घेतल्याने एकही रविवार वाढत नाही. उलट मोठीला खलाशी लागतो, आणि त्याच्या घरीही लग्नं असतात.

पायरी ८ : जाणत्याला विचारा

सगळे आकडे वहीत लिहून आम्ही थळच्या किनाऱ्यावर गेलो, अर्थात फेरीने. समोर खांदेरी दिसत होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, त्यांच्या आरमारातले मायनाक भंडारी कामावर. मुंबईहून इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची वाट अडवली. मोठ्या जहाजांना वारा हवा आणि खोल पाणी हवं. मराठ्यांच्या उथळ बुडाच्या लहान होड्या रात्री वल्ह्यांवर त्यांच्यामधून निसटत आणि बेटावर रसद पोचवत. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. स्पीडबोटीच्या खरेदीत महाराजांना आणायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण बेट समोरच होतं.

वाळूवर एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. आम्ही वही उघडली. घन सांगितला, लिटर सांगितले, बुडाच्या व्हीचा कोन सांगितला. त्यांनी सुई न थांबवता सगळं ऐकलं.

"पानी गेला, बोट वालूत बसली," ते म्हणाले. "मंग ढकलाला मानसा किती हायेत?"

वहीत हा रकाना नव्हता.

परतीच्या फेरीत, वरच्या डेकवर, आम्ही तो भरला. मी एक. बायको दोन, पण तिने आधीच सांगून ठेवलंय की ती बोटीत बसेल, बोट ढकलणार नाही. मुलगा टोरांटोला, तो व्हिडिओ कॉलवर प्रोत्साहन देऊ शकतो. जावयाला ढकला म्हणता येत नाही. आत्या आहे, पण ती मागच्या सोफ्यावर. अडीच टनांना एक माणूस. सव्वा टनालाही एकच.

एका माणसाने ढकलता येईल अशी होडी किती फुटी असते, हे तांडेलांना विचारायचं राहून गेलं. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. तोवर पार्किंगमधली चोविसाची रेघ ओल्या फडक्याने पुसली, एकोणिसाचीही पुसली, आणि भिंतीपासून दहा फुटांवर एक नवी मारून ठेवली. तिच्यापुढे स्कूटरलाही जागा उरते. सेक्रेटरी काल खाली आले, रेघेकडे बघत जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "एवढीला सोसायटीची हरकत नाही."